दोघांच्या पत्रातला तिसरा माणूस

गोव्यातल्या साखळीहून एम.ए. करणाऱ्या एका विद्यार्थिनीने विचारलं आहे, थोडक्यात असं: राजघराण्यातल्या माणसांनी एकमेकांना लिहिलेल्या पत्रांवर प्रबंध लिहायचा आहे. भावाने भावाला, बापाने मुलाला, सासऱ्याने सुनेला. छापील साधनं चाळली तर जिकडेतिकडे तेच आशीर्वाद आणि त्याच विनंत्या. जिव्हाळा कुठे आणि नुसती रीत कुठे, ते कळत नाही. बायकांच्या पत्रांत काही वेगळं सापडेल का? गोव्यात राहून यातलं मूळ काही बघता येईल का? शिवाय आजोळच्या पेटाऱ्यात दोन मोडी कागद निघालेत, त्यांचं काय करू?

मोडी वाचणं आणि शिकवणं हे माझं फोंड्यातलं रोजचं काम, त्यामुळे हा प्रश्न या ना त्या रूपात माझ्याकडे येतच असतो. माझं उत्तर असं: राजघराण्यातल्या दोघांचं पत्र हातात आलं की आधी त्यातला तिसरा माणूस शोधा. तो सापडला की जिव्हाळा किती आणि राजकारण किती, हे बरंचसं आपोआप सुटं होतं.

असं का म्हणतो, ते कागद बघितल्यावर पटेल. हातकागदाची अरुंद, लांब पट्टी. मजकूर वाढला की खाली दुसरी पट्टी खळीने चिकटवायची. या पट्ट्यांना बंद म्हणतात. मधला बंद कुणी बदलू नये म्हणून सांध्यावर मागून शिक्का. माथ्यावर मधोमध ‘श्री’. कारकून आधी आडव्या रेघा ओढून घेतो आणि त्या रेघांना लोंबकळत बोरू शक्य तितका न उचलता मजकूर लिहीत जातो. दोन शब्दांत जागा नाही, विरामचिन्हं नाहीत, ऱ्हस्वदीर्घाचा भेद नाही. शेवटी ‘बहुत काय लिहिणे’, ‘लेखनसीमा’ असं काहीतरी, मग मोर्तब. आणि कोपऱ्यात किंवा पाठीवर भलत्याच हाताने ‘पै॥’ आणि पुढे तारीख. ती पैवस्ती, म्हणजे पत्र पोचल्याची नोंद.

आता या एवढ्याशा कागदाला किती हात लागले ते बघा. सांगणारा एक, लिहिणारा दुसरा, शिक्का करणारा तिसरा. मग नेणारा जासूद, पलीकडे फोडून वाचून दाखवणारा, पैवस्ती टाकून रुमालात बांधून ठेवणारा. वाटेत जासूद सापडला तर शत्रूही वाचणार. बाजीरावांपासून गोपिकाबाईंपर्यंत सगळ्यांना हे पक्कं ठाऊक होतं. आपण व्हॉट्सअॅपवर भावाला लिहितो त्या भरवशाने यांतलं कुणीच लिहीत नव्हतं.

म्हणून मायन्याचं वजन समजून घ्या. मुलगा आईला ‘तीर्थरूप मातुश्री’ लिहिणार आणि स्वतःला ‘अपत्ये’ म्हणवून ‘चरणावरी मस्तक ठेवून’ विज्ञापना करणार. वडील धाकट्याला ‘चिरंजीव राजश्री’ आणि ‘आशीर्वाद’. सरदाराला ‘अखंडितलक्ष्मीअलंकृत राजमान्य राजश्री’. ही उतरंड दप्तरात ठरलेली असते, लिहिणाऱ्याला त्यासाठी डोकं खाजवावं लागत नाही. काकाला तीर्थरूप लिहायचं ते लिहायचंच. माधवराव आणि रघुनाथराव यांच्यात १७६२ मध्ये आळेगावला लढाई झाली, १७६८ मध्ये धोडपला झाली, त्यानंतर काका शनिवारवाड्यात नजरकैदेत गेले, तरी नातं मोडत नाही आणि नात्याचा मायनाही मोडत नाही. तेव्हा ‘तीर्थरूप’ दिसलं म्हणून पुतण्याच्या डोळ्यांत पाणी होतं असं प्रबंधात लिहू नका. गाइडही खूश होतील, पण ते खरं नाही.

मायना बोलतो तो बदलला की. ज्याला काल ‘राजश्री’ लिहीत होते त्याला आज ‘श्रीमंत’ लिहिलं, किंवा नमस्कार लिहिणाऱ्याने एकाएकी आशीर्वाद लिहायला सुरुवात केली, तर तिथे काहीतरी घडलंय. त्यासाठी एकच सुंदर पत्र निवडून त्यावर पानंच्या पानं लिहिण्यापेक्षा त्याच दोघांची आठ-दहा पत्रं ओळीने लावा आणि फक्त पहिल्या दोन ओळी व शेवटची ओळ यांचा तक्ता करा. कंटाळवाणं काम आहे. पण हाती जे लागेल ते तुमचं स्वतःचं असेल.

दुसरी खूण ‘दस्तूर खास’. कारकुनाचा मजकूर संपल्यावर धन्याने स्वतःच्या हाताने घातलेल्या चार ओळी. अक्षर वेडंवाकडं, मोडीचं वळण कच्चं, पण गोष्ट मुद्द्याची. मूळ कागदात ती नजरेला लगेच टोचते. छापील मजकुरात मात्र सगळं एकाच टाइपात येतं आणि संपादकाने कंसात नोंद केली नसेल तर फरक पुसला जातो. प्रबंधासाठी पत्रं निवडताना अशी नोंद असलेली आधी काढा.

आता तिसऱ्या माणसाकडे येऊ. सगळ्यांना माहीत असलेलं उदाहरण घेतो, शिवाजी महाराज आणि व्यंकोजीराजे. शहाजीराजे १६६४ मध्ये वारले. दक्षिणेतली दौलत धाकट्याकडे राहिली. १६७७ च्या जुलैत दोघे भाऊ कोळ्ळीडम नदीकाठी तिरुमळवाडीला भेटले. वाटणीचं बोलणं फिसकटलं आणि व्यंकोजीराजे एका रात्री गुपचूप उठून तंजावरला निघून गेले. पुढे त्यांनी महाराजांच्या मागे राहिलेल्या फौजेवर चाल केली, लढाई झाली, आणि त्यांना मागे हटावं लागलं. त्यानंतरचं महाराजांचं लांबलचक पत्र प्रसिद्ध आहे. ते वाचताना त्याची बांधणी बघा. आधी हिशेब: वडिलांची दौलत तुम्ही तेरा वर्षं एकट्याने खाल्लीत. मग तक्रार: अर्धा वाटा मागितला तो दिला नाहीत. मग पुराण: कौरव-पांडवांच्या घरात भांडण झालं त्याचं काय झालं, दुर्योधनाची बुद्धी धरू नये. आणि शेवटी देवघेव: तिकडचा मुलूख सोडा, पन्हाळ्याकडे तीन लाख होनांची जहागीर देतो.

हे भावाचं पत्र आहे, यात शंका नाही. घरातलाच माणूस ‘तेरा वर्षं’ इतका नेमका आकडा मनात धरून बसतो. गोव्यात ज्याच्या घरी इन्व्हेंतार, म्हणजे वारसांतली कोर्टामार्फत वाटणी, झालेलं आहे त्याला हा सूर वेगळा समजावून सांगायला नको. पण याच पत्राचा वाचक तंजावरचा दरबारही आहे. ‘थोरल्याने न्यायाने मागितलं होतं’ हे तिथल्या कारभाऱ्यांच्या कानावर पडावं अशी त्याची रचना आहे. पुढे तह झाला त्यातलं एक कलम मला नेहमी थांबवतं: बंगळूर आणि आसपासचा मुलूख व्यंकोजीराजांच्या पत्नी दीपाबाई यांना चोळीबांगडीसाठी. धाकट्या भावाला म्हणून देताना जो ताठा आडवा आला असता, तो भावजयीच्या चोळीबांगडीत विरघळून जातो. वाटणीच्या भांडणात बायकांच्या नावाने मार्ग काढण्याची ही रीत आपल्याकडे कुळाकुळांत आहे. इथे ती एका मुलखाच्या मापाची आहे, इतकंच.

आणि मग महाराजांच्या अखेरच्या दिवसांतलं ते दुसरं पत्र. व्यंकोजीराजे खिन्न होऊन बसले होते. अंगाची काळजी नाही, सणवार नाहीत, फौज रिकामी. महाराज लिहितात, त्याचा आशय असा: बरेच दिवस तुमचं पत्र नाही, वडिलांनी किती संकटं सोसून दौलत उभी केली ते आठवा, हे दिवस काम करण्याचे आहेत, वैराग्य म्हातारपणी करता येईल. कुणीही वाचलं तरी भरून यावं असं पत्र. पण ‘तुम्ही असे बसलात’ हे महाराजांना कळलं कसं, ते पत्रातच आहे: रघुनाथपंतांनी लिहिलं म्हणून. रघुनाथ नारायण हणमंते, शहाजीराजांच्या वेळेपासूनचे कारभारी, व्यंकोजीराजांशी बिनसून महाराजांकडे आलेले आणि तहानंतर पुन्हा त्यांच्याच दरबारात जाऊन बसलेले. हा तिसरा माणूस. ज्याच्याशी आपलं पटत नाही त्यानेच थोरल्या भावाकडे आपली खबर धाडली, हे कळल्यावर धाकट्याला ते प्रेमळ पत्र कसं लागलं असेल? इथे तुम्हाला प्रबंधाचं एक अख्खं प्रकरण मिळतं. माझं मत विचाराल तर जिव्हाळा खराच आहे. पण तंजावर कोसळू नये ही काळजीही तितकीच खरी, आणि लिहिणाऱ्याच्या मनात या दोन गोष्टी वेगळ्या होत्या असं मला वाटत नाही.

तिसरा माणूस कधीकधी पत्राचा खरा वाचकच असतो. याचं सगळ्यात क्रूर उदाहरण तुमच्या गावापासून फार लांब नाही. डिचोलीचं नमाजगाह पाहिलं असेल. ते औरंगजेबाचा मुलगा शहाजादा अकबर याने उभारलं असं मानतात. तो इथे आला कसा, त्याची सुरुवात एका पत्रात आहे. १६८१ च्या जानेवारीत अकबराने राजपुतांच्या बळावर बापाविरुद्ध बंड केलं आणि स्वतःला बादशहा म्हणवून अजमेरवर चालून गेला. त्याची फौज मोठी होती, औरंगजेबाजवळ त्या घडीला माणसं थोडी. तेव्हा औरंगजेबाने मुलाला पत्र लिहिलं. पत्रात शाबासकी: ठरल्याप्रमाणे राजपुतांना छान जाळ्यात आणलंस, आता उद्या त्यांना मध्ये घेऊन दोन्हीकडून कापून काढू. आणि हे पत्र अकबराच्या हाती न जाता राजपुतांचा पुढारी दुर्गादास राठोड याच्या हाती पडेल अशी व्यवस्था केली. राजपूत रात्रीच अकबराच्या डेऱ्याकडे गेले तर शहाजादा झोपलेला, उठवायला मनाई. त्याचा मुख्य साथीदार तहव्वुरखान आधीच बादशहाच्या छावणीकडे निघून गेलेला, आणि तिथे मारला गेलेला. संशय पक्का झाला. पहाटेपर्यंत फौज पांगली.

बापाने मुलाला लिहिलेलं इतकं गोड पत्र, आणि त्याचा वाचक मुलगा नव्हताच. कपट कळल्यावर दुर्गादासानेच अकबराला सांभाळून दख्खनेत आणलं. संभाजीराजांनी आसरा दिला. १६८३ मध्ये अकबर डिचोलीत होता, जहाज मिळवून इराणला जायच्या खटपटीत. त्याच वर्षअखेरीस पोर्तुगीज विजरई (व्हाइसरॉय) कोंदे द आल्व्होर फोंड्याच्या किल्ल्यावर आला आणि मार खाऊन परतला, संभाजीराजांनी जुवे बेट घेतलं. १६८४ च्या जानेवारीत अकबराचाच भाऊ शाहआलम बापाच्या हुकुमाने रामघाट उतरून याच भागात आला. एक भाऊ निसटायच्या तयारीत, दुसरा त्याच्या मागावर. अकबर अखेर १६८७ मध्ये समुद्रमार्गे इराणकडे गेला आणि तिकडेच वारला. तोपर्यंत बाप-लेकांत पत्रं चालू होती, मुलाची तर चांगली झणझणीत. ती फारसीत आहेत. तुमच्या विषयात घ्या, पण मूळ फारसी वाचणारा माणूस हाताशी असेल तरच. इंग्रजी भाषांतरावर मराठी प्रबंध बांधला की सूर तीनदा गाळून येतो.

बायकांच्या पत्रांबद्दल तुम्ही वेगळं विचारलंय. तिथे घरगुती ओलावा सापडेल अशी अपेक्षा ठेवून गेलात तर फसाल. १७६५ मध्ये मल्हारराव होळकर अहिल्याबाईंना लिहितात ते काय? चंबळ ओलांडून ग्वाल्हेरला जा, चार-पाच दिवस मुक्काम करा, तोफखाना जवळ ठेवा, दारूगोळ्याची तरतूद करा. मुलगा खंडेराव १७५४ मध्ये कुंभेरीला पडला, त्यानंतर अकरा वर्षांनी सासरा सुनेला तोफांचं सांगतो आहे. या पत्रात ‘तुझ्यावर माझा विश्वास आहे’ असं वाक्य कुठे नाही, आणि त्याची गरजही नाही. मराठी राजघराण्यांत माया बहुधा कामाच्या यादीतून दिसते.

गोपिकाबाईंचं तसंच. नाशिकजवळ गंगापूरला राहून त्यांनी नातवाला, सवाई माधवरावांना, वागणुकीचे नियम लिहून पाठवले: कसं वागावं, काय शिकावं, देवाधर्माचं काय. लोक ते वाचून ‘करडी आजी’ म्हणतात. मी वेगळं वाचतो. मूल जन्माला यायच्या आधीच बापाचा खून झालेला, आई १७७७ मध्ये गेलेली, पोरगा नाना फडणिसांच्या देखरेखीखाली. आजी मुलाला जे लिहिते ते नानाही वाचणार, हे तिला माहीत आहे. त्यातल्या कित्येक सूचना मुलापेक्षा मुलाभोवतीच्या कारभाऱ्यांसाठी आहेत, असं धरून वाचून बघा. करडेपणा कुणावर आहे ते लगेच कळतं.

(याच घराण्याचा विषय निघाला की ‘ध चा मा’ येतोच. मोडीच्या वर्गात पहिल्या दिवशी कुणीतरी विचारतंच. म्हण म्हणून ठीक आहे. ज्या पत्राची ती गोष्ट आहे ते पत्र मला आजवर कुणी दाखवलेलं नाही, आणि प्रबंधात तुम्हीही त्यावर भार टाकू नका.)

तारखांचं थोडं सांगतो, कारण विद्यार्थी इथेच धडपडतात. पत्रात ‘छ’ दिसला की ती हिजरी महिन्याची चंद्रतारीख. वर्ष बहुधा सुहूर सनात, म्हणजे तेव्हाच्या दप्तरातल्या कालगणनेत, आणि अरबी शब्दांत. ‘तिसा सलासीन मया व अलफ’ म्हणजे नऊ, तीस, शंभर आणि हजार: ११३९. मृग लागला की हा सन बदलतो. त्यात ५९९ मिळवा, तर १७३८ च्या मृगापासून पुढचं वर्ष. जानेवारीनंतरची तारीख असेल तर ६०० मिळवायचे. हाच सन मुद्दाम घेतला, कारण तो वसईच्या मोहिमेचा. चिमाजीअप्पा वसईच्या मोहिमेत गुंतलेले असताना १७३९ च्या जानेवारीत व्यंकटराव घोरपडे गोव्यातल्या साष्टीत उतरले, मडगाव घेतलं, राशोलला वेढा दिला, म्हणजे गोव्यातून वसईला मदत जाऊ नये. हे व्यंकटराव कोण? इचलकरंजीकर, अनुबाईंचे यजमान, म्हणजे बाजीराव-चिमाजींचे मेहुणे. मडगावच्या बाजारात कुणाला सांगून बघा की आपल्यावर पेशव्यांचे जावई चालून आले होते. अशा मोहिमेत मेहुण्याने मेहुण्याला लिहिलेल्या पत्रात घरची खुशाली आणि मोर्च्याची बातमी एकाच श्वासात येणार. त्यांची फारकत करायला जाऊ नका.

दुसरी मेख पंचांगांची. गोव्याचे पोर्तुगीज १५८३ पासून नव्या ग्रेगोरियन कालगणनेने चालत, इंग्रज १७५२ पर्यंत जुन्या जूलियन गणनेने. सतराव्या शतकात दोहोंत दहा दिवसांचं अंतर. जुव्याचा किल्ला पडला ती रात्र पोर्तुगीज कागदात २४ नोव्हेंबर १६८३. इंग्रजी वखारीच्या गणनेने तीच रात्र १४ नोव्हेंबर. मराठी पुस्तकांत शिवकाळाच्या तारखा बहुधा जुन्या गणनेने देतात. राज्याभिषेकाची ६ जूनही तशीच. गोव्यातला कागद आणि पुण्यातला कागद शेजारी ठेवाल तेव्हा कोण कुठल्या गणनेत बोलतोय ते आधी ठरवा, नाहीतर उत्तर पत्राच्या आधी पोचलेलं दिसेल.

गोव्यात काय मिळेल? पणजीचा पुराभिलेख १५९५ मध्ये सुरू झाला, इतिहासकार दियोगु दु कौतु त्याचा पहिला रखवालदार. विसाव्या शतकात डॉ. पांडुरंग पिसुर्लेकर यांनी तो बराच काळ सांभाळला आणि मराठ्यांच्या इतिहासासाठी उघडा करून दिला. हे गृहस्थ सत्तरीतल्या पिसुर्ल्याचे, म्हणजे तुमचे शेजारीच. तुमच्या कामाच्या दोन मालिका आहेत. एक ‘मोंसोंइश दु रैनु’, म्हणजे वाऱ्याच्या हंगामाबरोबर लिस्बनहून येणाऱ्या-जाणाऱ्या जहाजांचा टपाल. राजाचं पत्र साधारण पावसाळा संपताना यायचं, उत्तर हिवाळ्यात निघायचं, आणि एखादं जहाज बुडालं तर म्हणून तोच मजकूर दुसऱ्या जहाजावरूनही जायचा. दुसरी मालिका ‘रैइश व्हिझिन्युश’, शेजारचे राजे. सावंतवाडीकर, सौंदेकर, मराठे यांच्याशी झालेला व्यवहार तिथे. सौंदेकरांची कथा गोव्याला जवळची. म्हैसूरच्या हैदरने सोंद्याचं राज्य घेतल्यावर तिथला राजा कुटुंबकबिल्यासह पोर्तुगीजांच्या आश्रयाला आला आणि बांदोड्याला नागेशीजवळ राहिला. राज्य गेलेल्या घराण्याचा पत्रव्यवहार कसा बदलतो, हे बघण्यासारखं आहे: मायना राजाचा आणि मजकूर नेमणुकीचा, म्हणजे तनख्याचा.

या दप्तरात तिसरा माणूस पक्का ठरलेला: सरकारचा दुभाषी. मराठी पत्र त्याच्या हाताखालून पोर्तुगीज होऊन वहीत उतरतं आणि पुष्कळदा तेवढंच आपल्यापर्यंत पोचतं. मायन्याची उतरंड त्यात उतरत नाही. ‘चिरंजीव’ आणि ‘राजश्री’ यांतला फरक पोर्तुगीज सेक्रेतारीला काय करायचाय? म्हणून मायन्यांचा जो तक्ता मी सांगितला तो पोर्तुगीज भाषांतरांवरून करू नका. त्यांतून घटना घ्या, रोख घ्या, तारखा घ्या. नावं मात्र सैल कान ठेवून वाचा. सावंत भोसले तिथे ‘बोंसुलो’ म्हणून भेटतात.

एक गंमत हाताला जाणवते. पोर्तुगीजांची शाई माजूफळ आणि हिराकशीची. ती कागदात मुरते आणि कालांतराने कागद खाते. काही पानं अशी की अक्षरांच्या जागी अक्षरांच्या आकाराची भोकं. आपली शाई काजळाची. ती वरवर बसते, कागदाला काही करत नाही, पण पाण्याचा थेंब पडला की पसरली. म्हणजे पोर्तुगीज वही हळू उलटायची आणि मोडी कागदाजवळ ओला हात न्यायचा नाही.

आता तुमचे ते दोन कागद. आधी अपेक्षा जमिनीवर आणू: गोव्यातल्या घरांत निघणारे मोडी कागद बहुतेक वेळा जमिनीचे, देवस्थानच्या हिशेबाचे, कर्जाचे किंवा सोयरिकीचे असतात. तरी दोन्ही नीट बघू. जबरदस्तीने उलगडू नका. घडी आखडली असेल तर तशीच राहू दे. सेलोटेप, लॅमिनेशन, उन्हात वाळवणं, इस्त्री, सगळं वर्ज्य. पावसाळ्यात तर पेटारा उघडूच नका, दमट हवेत बुरशी दोन दिवसांत धरते. धुतलेल्या, खळ नसलेल्या मांजरपाटात सैल गुंडाळा आणि भिंतीपासून दूर, उंचावर ठेवा. डांबरगोळी ठेवायचीच तर पुरचुंडीत, कागदाला न लागता. फोटो खिडकीच्या तिरप्या उजेडात, फ्लॅशशिवाय, जवळ एक पट्टी ठेवून.

आणि पाठीचा फोटो विसरू नका. लोक पुढचा मजकूर पाठवतात, आणि ज्या बाजूला पैवस्ती, रवानगी, सांध्याचा शिक्का, लखोट्यावरचं नाव असतं ती पाठवतच नाहीत. त्याबरोबर आजोळच्या मंडळींना एवढं विचारा: घरात पूर्वी कुणी कारकून, दुभाषी, कुळकर्णी, देवस्थानचा मुखत्यार होता का, घराणं मूळ कुठून आलं, सावंतवाडीकडून की सोंद्याकडून? राजाराजांची पत्रं ज्यांची होती त्यांच्या घरी क्वचितच टिकली. ती टिकली लिहिणाऱ्याच्या, नेणाऱ्याच्या, वाचून दाखवणाऱ्याच्या घरी. पेटारा त्यांपैकी कुणाचा होता हे कळलं तर कागद वाचायच्या आधीच अर्धं काम झालेलं असेल. चारही बाजूंचे फोटो आणि ही माहिती एकत्र पाठवा. मोडीचं वळण शिवकालीन आहे, पेशवाईतलं चिटणिशी आहे की टाकाने लिहिलेलं इंग्रजी अमदानीतलं, एवढं फोटोवरूनही सांगता येतं.